त्रिकश्रोणी संधिवेदनेवरील हस्तोपचार

पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेले त्रिकास्थी व त्याच्या दोन्ही बाजूंची श्रोणि-अस्थी यांमधील सांध्यांची वेदना हातांनी दाब, ताण किंवा हालचाल देऊन कमी करण्याच्या पद्धती. धडाचा भार या सांध्यांमार्फत पायांकडे जातो. त्यामुळे वेदना कंबरेखाली, नितंबात व कधीकधी मांडीतही जाणवते.

कण्याला ताण व दाब देण्याचे वर्णन हिपॉक्राटीझच्या परंपरेतील ग्रीक ग्रंथांत आढळते. आधुनिक पद्धतींचा उगम मात्र अमेरिकेतील आहे. अँड्रू टेलर स्टिल (१८२८–१९१७) यांनी १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथीची, तर डॅनियल डेव्हिड पामर (१८४५–१९१३) यांनी १८९५ मध्ये कायरोप्रॅक्टिकची सुरुवात केली. जोएल गोल्डथ्वेट व रॉबर्ट ऑसगुड यांच्या १९०५ मधील निबंधामुळे कंबरदुखीचे कारण म्हणून या सांध्यांना महत्त्व आले. परंतु १९३४ मध्ये विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार यांनी मणक्यांमधील चकतीच्या विकृतीकडे लक्ष वेधल्यावर ते ओसरले.

प्रमुख तंत्रे तीन आहेत. पहिल्यात सांध्याला अल्प अंतराचा पण वेगवान झटका देतात. त्या वेळी पुष्कळदा आवाज होतो. दुसऱ्यात सांधा हळूहळू, लयीत हलवितात. ऑस्ट्रेलियातील जेफ्री मेटलंड (१९२४–२०१०) यांनी अशा हालचालींच्या श्रेणी ठरविल्या. तिसऱ्या, फ्रेड मिचेल यांच्या स्नायुऊर्जा तंत्रात रुग्ण स्वतः स्नायू आकुंचित करतो व चिकित्सक त्यास विरोध करतो.

‘सरकलेले हाड जागेवर बसते’ हे या उपचारांचे जुने स्पष्टीकरण आता टिकत नाही. क्ष-किरणांच्या त्रिमितीय मापनानुसार (स्वीडन, १९८९) या सांध्याचे परिभ्रमण सरासरी सुमारे २.५ अंश व सरकणे सुमारे ०.७ मिमी. एवढेच असते. १९९८ मधील अशाच मापनात, झटक्यानंतर तपासणाऱ्यांच्या हातांना बदल जाणवला, तरी हाडांची स्थिती बदललेली नव्हती. म्हणून मिळणाऱ्या आरामाचे श्रेय आता स्नायूंचे शिथिलन व तंत्रिका तंत्राच्या प्रतिसादातील बदल यांना देतात.

नेदर्लंड्समधील ५१ रुग्णांच्या २०१३ मधील चाचणीत हस्तोपचारांनी ७२%, सांध्यातील अंतःक्षेपणाने ५०% व व्यायामप्रधान उपचारांनी २०% रुग्णांना गुण आला. रुग्णसंख्या लहान असल्याने हा निष्कर्ष अंतिम मानता येत नाही. तसेच तिन्ही तंत्रांपैकी एकाचे श्रेष्ठत्वही निर्विवाद ठरलेले नाही. अस्थिभंग, अस्थिविरलता, क्षय किंवा अर्बुद असल्यास झटका घातक ठरू शकतो. म्हणून निदान आधी व हस्तोपचार नंतर, हा क्रम अटळ आहे.