शिकलेला म्हणजे कोण? लँकेस्टर, १७४४ : एका नम्र नकाराचा इतिहास

१/
जुलै १७४४. पेनसिल्व्हेनिया वसाहतीतील लँकेस्टर या गावी इंग्रज वसाहतींचे प्रतिनिधी आणि हौदेनोशौनी संघाचे प्रमुख यांची परिषद भरली होती. जमिनीचे व्यवहार आटोपत आले असता व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींनी एक प्रस्ताव मांडला : तुमची मुले आमच्याकडे शिकायला पाठवा. प्रमुखांनी आभार मानले आणि नकार दिला. त्या नकाराविषयी हा धागा.

२/
आधी थोडी ओळख. ज्यांना युरोपीय कागदपत्रांत 'इरोक्वॉय' म्हटले आहे, ते स्वतःला हौदेनोशौनी, म्हणजे लांब घराचे लोक, म्हणवतात. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयूगा आणि सेनेका या पाच राष्ट्रांचा हा संघ आजच्या न्यूयॉर्क राज्याच्या भूमीवर नांदत होता. अठराव्या शतकात टस्करोरा त्यात सामील झाले आणि इंग्रज त्यांना 'सहा राष्ट्रे' म्हणू लागले.

३/
प्रस्तावामागे व्यावहारिक कारण होते. दोन्ही बाजूंचा दुभाषा कॉनराड वायझर हा जर्मन वंशाचा वसाहतकार. तरुणपणी तो मोहॉक लोकांत राहून त्यांची भाषा शिकला होता. व्हर्जिनियाचे म्हणणे असे, की वायझर एक दिवस म्हातारा होईल, जगाचा निरोप घेईल, मग आपल्या मुलाबाळांत मध्यस्थी कोण करणार? म्हणून तीन-चार मुले पाठवा. राहायला उत्तम घर आहे, गोऱ्यांचा धर्म, भाषा आणि रीतिरिवाज शिकवायला शिक्षकही आहे.

४/
हे 'घर' म्हणजे विल्यम्सबर्ग येथील विल्यम अँड मेरी कॉलेजची ब्रॅफर्टन इमारत. प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल याच्या मृत्युपत्रातील निधीतून ती १७२३ मध्ये उभी राहिली. मूळ रहिवाशांच्या मुलांना ख्रिस्ती शिक्षण देणे, हा तिचा हेतू होता.

५/
उत्तर दिले ते कनासातेगो या ओनोंडागा वक्त्याने. परिषदेच्या इतिवृत्तात ते अवघ्या काही ओळींत आहे. त्याचा आशय असा : आमचे मुलांवर इतके प्रेम आहे की त्यांना एवढ्या दूर धाडवत नाही. आमच्या लोकांचा अशा विद्येकडे कलही नाही. ती चांगली आहे हे आम्ही मानतो आणि निमंत्रणाबद्दल आभारी आहोत. परंतु आपल्या चालीरीती भिन्न आहेत, तेव्हा क्षमा असावी.

६/
आज या उत्तराची वेगळीच, अधिक खुमासदार आवृत्ती सर्वत्र फिरते. तिच्यात ते म्हणतात, की आमची काही मुले पूर्वी तुमच्या विद्यालयांत शिकली. परत आली तेव्हा त्यांना धड धावता येईना, थंडी-भूक सोसवेना, झोपडी बांधता येईना, हरीण मारता येईना. ना शिकारी, ना योद्धे, ना सल्लागार. आता तुम्हीच तुमची डझनभर मुले आमच्याकडे पाठवा, आम्ही त्यांना माणसे करून दाखवू!

७/
ही आवृत्ती बेंजामिन फ्रँकलिनच्या १७८४ च्या निबंधातली आहे. गंमत म्हणजे १७४४ चे मूळ इतिवृत्त छापणारा मुद्रकही फ्रँकलिनच. त्यात तीन-चार मुलांचा उल्लेख आहे, निबंधात सहांचा. धावणे, शिकार, डझनभर मुले यांचा इतिवृत्तात मागमूस नाही. इतरांना 'रानटी' ठरवणाऱ्या युरोपीयांना चिमटा काढण्यासाठी लिहिलेला तो उपरोधिक निबंध आहे. त्यातली वाक्ये कनासातेगोची म्हणून उद्धृत करणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही.

८/
नकार मात्र अस्सल आहे, आणि त्यातले एक कारण विसरता येत नाही : आपल्या चालीरीती भिन्न आहेत. म्हणजे शिक्षणाची स्वतःची अशी एक रीत या लोकांपाशी होती. ती कोणती?

९/
पहिला पाठ स्मरणाचा. शिंपल्यांच्या पांढऱ्या-जांभळ्या मण्यांचे विणलेले पट्टे, म्हणजे वॅम्पम, परिषदांत दिले-घेतले जात. प्रत्येक पट्ट्यामागे एखादे वचन किंवा करार असे. पट्टा हाती धरून त्यातला शब्द बिनचूक सांगता यावा लागे. करारांची ही स्मृती स्त्रिया जपतात, मुलांना सांगतात आणि शंभर वर्षांमागचा तपशीलही लेखी नोंदींशी ताडून पाहिला तर जुळतो, असे निरीक्षण फ्रँकलिननेच नोंदवले आहे.

१०/
दुसरा पाठ ऐकण्याचा. परिषदेत एक बोलत असताना बाकीचे निःशब्द असत. बोलणे संपल्यावरही काही मिनिटे शांतता राखली जाई, कारण वक्त्याला राहून गेलेले काही आठवले तर ते मांडण्याची संधी मिळावी. समोरच्या प्रस्तावाला त्याच दिवशी उत्तर देणे हे उथळपणाचे लक्षण मानले जाई.

११/
तिसरा पाठ धीराचा. संघाच्या 'महान शांतिनियमा'च्या परंपरेत प्रमुखाची कातडी सात वितींइतकी जाड असावी, असे सांगतात. टीका आणि राग त्याने गिळावा. प्रमुखाची निवड कुळातील ज्येष्ठ स्त्रिया करीत आणि तो चुकला तर त्याला पदावरून दूरही करीत. त्यामुळे माणूस किती शिकला, याची परीक्षा आयुष्यभर आपल्याच माणसांसमोर चाले.

१२/
मग लेखनविद्येवाचून त्यांचे अडले नाही का? अडले, आणि त्याच लँकेस्टरमध्ये. आपण शेनांडोह खोऱ्यावरचा हक्क सोडत आहोत, अशी प्रमुखांची समजूत होती. व्हर्जिनियाच्या लेखी दस्तऐवजाने मात्र वसाहतीच्या सनदेतील सर्व भूमीवर राजाचा हक्क मान्य करवून घेतला, आणि ती सनद पश्चिमेकडे थेट दुसऱ्या समुद्रापर्यंत जात होती. मुलांना शिकवू म्हणणाऱ्यांनी त्याच परिषदेत अक्षराचे हे सामर्थ्य दाखवून दिले.

१३/
याचे उत्तर पुढल्या शतकात एका सेनेका मुलाने दिले. एली पार्कर (१८२८–१८९५) मिशन शाळेत इंग्रजी शिकला आणि किशोरवयातच टोनावांडा येथील आपल्या लोकांचा दुभाषा झाला. त्यांची भूमी कपटाच्या करारांनी हिरावली जात होती. त्याने कायद्याचा अभ्यास केला, पण तो अमेरिकेचा नागरिक नाही म्हणून वकिलीची सनद नाकारण्यात आली. मग तो अभियंता झाला. लढा मात्र सुटला नाही.

१४/
१८५१ मध्ये संघाने पार्करला प्रमुखपद दिले. १८५७ च्या करारान्वये टोनावांडा सेनेकांना आपल्या भूमीपैकी सुमारे ७,५०० एकर परत विकत घेता आली. पुढे ९ एप्रिल १८६५ रोजी अ‍ॅपोमॅटॉक्स येथे जनरल लीच्या शरणागतीच्या अटींची पक्की प्रत लिहिली गेली, ती जनरल ग्रँटचा लष्करी सचिव असलेल्या पार्करच्याच हस्ताक्षरात. परक्यांची विद्या त्याने पुरती आत्मसात केली, पण आपल्या माणसांच्या कामी येण्यासाठी.

१५/
राज्यकर्त्यांनी मात्र नेमके उलटे सूत्र निवडले. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातच, कार्लाइल येथील लष्करी बराकींत, रिचर्ड हेन्री प्रॅट या अधिकाऱ्याने निवासी शाळा काढली. माणूस वाचवायचा तर त्याच्यातला 'इंडियन' मारला पाहिजे, हा त्याचा सिद्धान्त. मुलांचे केस कापले, नावे बदलली, मातृभाषेवर बंदी घातली. १९१८ पर्यंत हजारो मुले तेथून गेली. त्यांत हौदेनोशौनी मुलेही होती. शाळेच्या स्मशानभूमीत १८० च्या आसपास थडगी होती.

१६/
कनासातेगोने मुलांना दूर धाडवत नाही म्हटले होते. कार्लाइलमध्ये दूर नेणे हीच शिक्षणपद्धती ठरली. मूल परतले तरी त्याला आजीशी तिच्या भाषेत बोलता येऊ नये, इतके ते अंतर वाढवण्यात आले.

१७/
कार्लाइल सुरू झाल्यानंतर बरोबर १०० वर्षांनी, १९७९ मध्ये, मोहॉक पालकांनी अक्वेसास्ने फ्रीडम स्कूल उभी केली. तेथे शिक्षणाचे माध्यम मोहॉक भाषा आहे. अभ्यासक्रमाचा पाया आहे परंपरागत कृतज्ञतावचन. माणसे, भूमी, पाणी, मासे, वनस्पती, वारे, सूर्य, चंद्र आणि तारे अशा प्रत्येकाचे आभार क्रमाने मानायचे. त्याच ओघात निसर्गविज्ञान, भाषा आणि इतिहास यांचे धडे येतात.

१८/
मित्रहो, या इतिहासातून विद्येला विरोध शिकायचा नाही. कनासातेगोने विद्येला चांगलेच म्हटले होते आणि पार्करने ती मिळवून दाखवली. हौदेनोशौनींचा प्रश्न वेगळा होता : शिकून आलेले मूल परत कोणाचे होणार? त्याला आपल्यांचे शब्द आठवतील का, दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत ऐकता येईल का, टीका सोसता येईल का? पदवीच्या कागदावर या प्रश्नांसाठी जागा नसते. म्हणून ते ज्याचे त्याने स्वतःला विचारावेत.