ओव्याच्या फुलापासून: गंधोपचाराची प्रस्तावना

भीमसेनी नव्हे, साधा कापूर घ्या. सोबत तेवढेच ओव्याचे फूल आणि तेवढेच पुदिन्याचे फूल. तिन्ही पदार्थ कोरडे, खडे-स्फटिकांच्या रूपातले. एका बाटलीत घालून बूच लावा आणि अधूनमधून हलवत राहा. पाण्याचा थेंबही न घालता बाटलीत पातळ द्रव तयार होतो. हीच आपल्याकडची अमृतधारा. ओव्याचे फूल म्हणजे रसायनशास्त्रातला थायमॉल, पुदिन्याचे फूल म्हणजे मेंथॉल. सर्दीने डोके जड झाले की रुमालावर तिचा थेंब टाकून हुंगायचा, ही रीत ज्या घरात आहे तिथल्या वाचकाला हा विषय परका वाटायचे कारण नाही.

‘अरोमाथेरपी’ हा शब्द मात्र फ्रान्सचा. रसायनतज्ज्ञ रने-मॉरिस गातफोसे यांनी १९३७ साली याच नावाचे पुस्तक लिहिले. १९१० मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात ते भाजले होते. जळता हात त्यांनी लव्हेंडरच्या तेलात बुडवला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. त्यांनी स्वतः लिहिलेली हकिगत वेगळी आहे: गवतावर लोळून त्यांनी आग विझवली आणि पुढे जखमा सडू लागल्यावर लव्हेंडरचे तेल वापरले. या क्षेत्रात येणाऱ्याने असा फरक पाहायची सवय लावून घ्यावी.

गंधाने मन का निवते? नाकाच्या छताशी असलेल्या ग्राहक पेशी गंधाचे रेणू ओळखतात. माणसात या ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. त्यांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. डोळा आणि कान यांचे निरोप मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या चौकीवर थांबतात. गंधाची मुख्य वाट ती चौकी टाळून भावना आणि स्मृतीच्या केंद्रांशी जाऊन भिडते. वाळ्याच्या वासासरशी एखादा उन्हाळा अख्खा उभा राहतो, तो या जवळिकीमुळे.

आता अमृतधारेकडे परत येऊ. मेंथॉल हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. मोजून पाहिले तर हवेची वाट जवळपास तेवढीच अरुंद असते. मेंथॉल थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, त्यामुळे श्वास सुखाचा वाटतो. मला यात फसवणूक दिसत नाही. रात्री नाक चोंदल्याने तळमळणाऱ्या माणसाला श्वास सुखाचा वाटणे ही मोठीच गोष्ट आहे, आणि गंधोपचाराचा खरा प्रांत हाच आहे: त्रास कसा जाणवतो, तो सोसताना मन किती ताठरते. शस्त्रक्रियेपूर्वीची धाकधूक लव्हेंडरच्या वासाने काहीशी कमी झाल्याचे अनेक छोट्या चाचण्यांत दिसले आहे. पण रुग्णाला वास कळतोच, त्यामुळे खरे तेल कुणाला आणि खोटे कुणाला हे लपवणे कठीण. मालिशीत तर गुण तेलाचा की मायेच्या हाताचा, हे वेगळे काढता येत नाही. म्हणून कर्करोग किंवा मधुमेह अत्तराने बरा करू म्हणणाऱ्याला या विद्येत जागा नाही.

मराठीशी या विषयाचे जुने नाते आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधवाद’ या दुर्मिळ हस्तलिखिताचा अभ्यास केला. मूळ ग्रंथासोबत त्यात मराठी टीका आहे आणि गोडे यांनी तिचा काळ इ. स. १३५० ते १५५० च्या दरम्यानचा मानला. विषय सुगंधी द्रव्ये बनवण्याचा, उपचाराचा नव्हे. तरीही आपल्या भाषेत गंधाचे शास्त्र इतक्या पूर्वी समजावून सांगितले जात होते, याचा मला फार आनंद वाटतो.

प्रयोगापूर्वी थोडे जपा. शुद्ध तेल थेट त्वचेवर लावू नका. १० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात चार थेंब पुष्कळ झाले. बर्गामॉटचे तेल लावून उन्हात जाऊ नये, त्वचा भाजते. कापूर आणि निलगिरी पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात. बाटल्या उंच फळीवर ठेवा.

आणि सुरुवात ओव्यापासूनच करा. चिमूटभर दाणे तळहातावर घेऊन आधी नुसते हुंगा, मग अंगठ्याने चोळून हुंगा. दुसऱ्या खेपेला घमघमाट येतो, कारण दाण्याच्या सालीतल्या बारीक तेलनलिका फुटतात. पहिले प्रकरण त्या नलिकांविषयी आहे.