वॉरंटाची नक्कल

वॉरंट हा शब्द आपल्याकडे नेहमी हलक्या आवाजात उच्चारला जातो. "त्याच्यावर वॉरंट निघालंय म्हणे" असे एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने इकडेतिकडे पाहून मान डोलवावी, अशी आपली रीत आहे. ते वॉरंट कोणी काढले, कोणत्या खटल्यात काढले आणि ते पाहायला मिळेल का, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. वसंत व्याख्यानांची परंपरा पुण्यात १८७५ साली सुरू करणारे न्यायमूर्ती रानडे हे स्वतः न्यायासनावर बसणारे गृहस्थ होते. तेव्हा अशा ज्ञानसत्रात न्यायालयाच्या एका साध्या कागदाचा इतिहास सांगितला, तर ते स्थळाला सोडून होणार नाही, असे आम्हांस वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. वॉरंट हे सरकारच्या हातातील हत्यार आहे, ही समजूत अर्धीच खरी. वॉरंट हे सरकारच्या हातावरील बंधनही आहे. "अमक्या माणसाला, अमक्या कारणासाठी, अमक्या न्यायाधीशाच्या सहीने धरा" असे लिहून द्यावे लागते, म्हणजेच वाटेल त्याला वाटेल तेव्हा धरता येत नाही. परंतु हे बंधन खरे ठरण्यास तो कागद ज्याच्याविरुद्ध काढला त्याला, आणि त्याच्या वतीने विचारणाऱ्याला, पाहता आला पाहिजे.

ही गोष्ट इंग्लंडच्या लोकांनी फार लवकर ओळखली. १६७९ साली तेथील पार्लमेंटने हेबिअस कॉर्पसचा प्रसिद्ध कायदा केला. त्या कायद्याचे नाव आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे, पण त्यातील एक लहानसे कलम फारसे कोणी सांगत नाही. कैद्याने किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी मागणी केल्यापासून सहा तासांच्या आत तुरुंगाधिकाऱ्याने वॉरंटाची खरी नक्कल दिली पाहिजे. न दिल्यास पहिल्या अपराधाला १०० पौंड आणि दुसऱ्याला २०० पौंड दंड, असे ते कलम आहे. त्या काळी १०० पौंड ही लहानसहान रक्कम नव्हती. "त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी" हे शब्द विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहेत. कैद्याला स्वतः हिंडता येत नाही. त्याचा कागद बाहेरच्या माणसानेच मागायचा असतो.

पुढे १७६३ साली जॉन विल्क्सच्या पत्राविरुद्ध मंत्र्याने जे वॉरंट काढले, त्यात कोणाचेच नाव नव्हते. लेखक, मुद्रक आणि प्रकाशक जे कोणी असतील त्यांना धरा, एवढाच हुकूम होता. त्या एका कागदावर ४९ माणसे पकडली गेली. प्रकरण न्यायालयात गेले आणि विल्क्सला १००० पौंडांची भरपाई मिळाली. असली बिननावाची वॉरंटे बेकायदेशीर ठरली. कागद वाचता आला, म्हणूनच त्यातील उणीव जगाला दिसली.

आता आपण पुण्यात येऊ. इंग्रजांनी आपला कायदा येथे आणला, पण तो दोन खिशांत आणला. एका खिशात फौजदारी कार्यपद्धतीची संहिता होती. १८८२ च्या संहितेप्रमाणे वॉरंट लेखी हवे, त्यावर न्यायाधिकाऱ्याची सही आणि शिक्का हवा. बजावणाऱ्या पोलिसाने त्यातील आशय त्या माणसाला सांगितला पाहिजे आणि मागितल्यास कागद दाखविला पाहिजे. दुसऱ्या खिशात मुंबईचे १८२७ चे पंचविसावे रेग्युलेशन होते. त्याप्रमाणे कोणाही माणसाला न्यायालयापुढे न आणता सरकारच्या हुकमाने कैदेत ठेवता येई.

१८९७ साली हे दोन्ही खिसे एकाच आठवड्यात उघडले गेले. प्लेगच्या बंदोबस्ताने पुणे गांजले होते. २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जुलैच्या अखेरीस टिळकांना मुंबईत अटक झाली आणि त्याच सुमारास पुण्याचे सरदार नातू बंधू पकडले गेले. टिळकांवर संहितेप्रमाणे खटला झाला. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी ४ ऑगस्टला त्यांना जामीन दिला. सप्टेंबरात न्यायमूर्ती स्ट्रॅची आणि नऊ ज्यूरर यांच्यापुढे सुनावणी झाली. सहा युरोपियनांनी दोषी आणि तिघा हिंदी गृहस्थांनी निर्दोष असा कौल दिला. दीड वर्षाची शिक्षा झाली. निकाल अन्यायाचा होता, असे आपण म्हणतो. पण तसे आपल्याला म्हणता येते, याचे कारण काय? आरोप काय होता, पुरावा काय होता, न्यायाधीशांनी ज्यूरीला काय सांगितले, हा सारा कागद उघडा आहे. तो कायद्याच्या अहवालांत छापला गेला आणि आजही कोणाही विद्यार्थ्याला वाचता येतो.

नातू बंधूंचे तसे नाही. त्यांच्यावर न्यायालयात तपासता येईल असा आरोप कधी ठेवला गेला नाही. खटला झाला नाही. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले आणि त्याच वर्षीच्या अमरावतीच्या काँग्रेसने या जुन्या रेग्युलेशनांविरुद्ध ठराव केला. टिळकांना शिक्षा झाली तरी त्यांची बाजू पुढच्या पिढ्यांना पाहता आली. नातूंना शिक्षा झालीच नाही, आणि तरीही त्यांच्या बाजूचे एक पानही न्यायालयाच्या दप्तरात पडले नाही. दोन अन्यायांत अधिक भयंकर कोणता, हे श्रोत्यांनीच ठरवावे. आम्हांस दुसरा अधिक भयंकर वाटतो, कारण तो तपासताच येत नाही.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाने अटकेची कारणे कळविण्याचे आणि २४ तासांच्या आत न्यायाधिकाऱ्यापुढे नेण्याचे बंधन घातले. प्रतिबंधक स्थानबद्धता घटनेने ठेवली, हे खरे. पण तीतही कारणे कळविणे आवश्यक केले. १९५० साली गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धतेचा कायदा मान्य केला, परंतु स्थानबद्धतेची कारणे न्यायालयातही उघड करण्यास मनाई करणारे त्यातील चौदावे कलम मात्र रद्द ठरविले. सरकारला माणूस कोंडण्याची सत्ता दिली, पण कारण कोंडण्याची सत्ता दिली नाही. १८९७ आणि १९५० यांच्यामधले अंतर नेमके एवढे आहे.

हा झाला इतिहास. आज सामान्य माणसाने वॉरंटाचा कागद शोधायचा कसा? प्रथम एक गोष्ट समजून घ्यावी. गावातील साऱ्या वॉरंटांची यादी लावून ठेवलेला सार्वजनिक फलक आपल्याकडे नाही. वॉरंट सहसा एखाद्या खटल्याच्या पोटी जन्मते. म्हणून वॉरंट शोधायचे म्हणजे खटला शोधायचा.

समजा, एखाद्या गृहस्थावर धनादेश न वटल्याचा खटला आहे. त्याने घर बदलले, समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन परत आले, आणि त्याच्या नकळत पकड वॉरंट निघाले. वॉरंट काळाने म्हातारे होत नाही. ते बजावले जाईपर्यंत किंवा न्यायालयाने रद्द करीपर्यंत जिवंत राहते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही हा नियम तसाच आहे. या गृहस्थाने ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने व वर्षाने, किंवा गुन्हा पोलिसांत नोंदलेला असल्यास ठाणे आणि गुन्हा क्रमांक यांवरून, खटला शोधावा. तेथे तारखांच्या नोंदी दिसतात. आपल्या न्यायालयांत प्रत्येक तारखेचा रोजनामा लिहिला जातो. वॉरंट काढल्याचा हुकूम शोधायचा तो रोजनाम्यात.

संकेतस्थळावर भागले नाही, तर न्यायालयात जावे. दप्तर पाहण्यासाठी आणि नक्कल मिळण्यासाठी अर्ज करता येतो. सरकारी दस्तऐवजाची प्रमाणित नक्कल फी भरून मागण्याचा हक्क १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने दिला होता. २०२३ च्या नव्या कायद्याने तो राखला आहे. न्यायालयाच्या कागदांसाठी न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच अर्ज करावा लागतो, माहितीच्या अधिकाराने नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. पोलिस ठाण्याच्या नोंदींसाठी मात्र २००५ चा माहितीचा अधिकार आहे. फी १० रुपये, मुदत ३० दिवस; आणि प्रश्न जीविताचा वा स्वातंत्र्याचा असल्यास ४८ तास. तपासाला किंवा आरोपीला पकडण्याला अडथळा येईल अशी माहिती पोलिस नाकारू शकतात. प्रथम खबरी अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर घालावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. लैंगिक अत्याचारासारखी नाजूक प्रकरणे त्यातून वगळली आहेत. कागद सापडला, की वकिलासह न्यायालयापुढे आपण होऊन हजर राहावे आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. दार वाजण्याची वाट पाहण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळ बरा.

येथे कोणी विचारील, सारीच वॉरंटे उघडी केली तर गुन्हेगार सावध होणार नाहीत काय? आक्षेप खरा आहे. झडतीचे वॉरंट आधी जाहीर केले, तर झडतीत काहीच सापडणार नाही. शिवाय वॉरंट निघाले म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असे नव्हे; शेजाऱ्यांच्या कुतूहलासाठी कोणाचे नाव चव्हाट्यावर आणणे हा न्याय नव्हे. पण कायद्याने गुप्ततेला वेळेची मर्यादा घातली आहे, हे विसरू नये. बजावणी होताच त्या माणसापासून कागद लपविता येत नाही. आणि माणूस फरारी झाला, तर उलट जाहीरनामा त्याच्या गावात मोक्याच्या जागी मोठ्याने वाचायचा आणि त्याच्या घरावर डकवायचा असतो.

अलीकडे या ज्ञानाचे आणखी एक कारण उत्पन्न झाले आहे. दूरध्वनीवर पोलिसाचा वेष दिसतो, खोटे शिक्के मारलेले वॉरंट दाखविले जाते, "तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे" असे सांगितले जाते, आणि भली शिकलीसवरलेली माणसे जन्माची पुंजी पाठवून देतात. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. या ठकांचे सामर्थ्य आपल्या त्या कुजबुजण्याच्या रीतीत आहे. "खटला क्रमांक काय? न्यायालय कोणते? रोजनाम्यात नोंद आहे का?" एवढे तीन प्रश्न ज्याला विचारता येतात, त्याला फसविणे कठीण आहे.

१६७९ साली कैद्याच्या मित्राला सहा तासांत जी नक्कल मागता येई, ती १८९७ साली नातूंच्या मित्रांना मागायला जागा नव्हती. आज ती जागा आहे. तेथे पोचण्यास थोडे श्रम आणि थोडी फी पडते, एवढेच. न वापरलेली पायवाट मात्र गवताखाली बुजते. म्हणून वॉरंटाचे नाव निघाले की आवाज हलका न करता नक्कल मागावी, एवढीच आमची विनंती आहे.