सेवाग्रामचा कलावर्ग व बालवाङ्मय

मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखकांचे आणि त्यांच्या पुस्तकांत चित्रे काढणाऱ्या चित्रकारांचे वर्ग व कार्यशाळा भरविण्याची प्रथा भारतात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. तत्पूर्वीच वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे हिंदुस्थानी तालीमी संघाच्या शाळेत याच प्रश्नाचा वेगळ्या बाजूने विचार झाला होता. लेखक-चित्रकार घडविणारा असा स्वतंत्र वर्ग तेथे नव्हता. मूल आणि त्याचा शिक्षक यांनाच लिहिते व रेखाटते करावे, ही तेथील दृष्टी होती. मराठी बालवाङ्मयाच्या विवेचनात तिचा उल्लेख क्वचितच आढळतो.

या दृष्टीमागे छापील पुस्तकांविषयीचे असमाधान होते. शाळांतून मुलांच्या हाती दिली जाणारी पुस्तके बहुतांशी निरुपयोगी, प्रसंगी अपायकारकही असतात, असे म. गांधींनी १९३९ मध्ये हरिजन पत्रात लिहिले. ती ज्या समाजासाठी लिहिली गेली तेथे चांगली असतील, पण भारतीय मुलांच्या परिस्थितीशी त्यांचा संबंध नसतो आणि येथे लिहिलेली पुस्तकेही बहुधा न पचलेली अनुकरणे असतात, असा त्यांचा आक्षेप होता. मुलाचे खरे पुस्तक म्हणजे त्याचा शिक्षक, हे मत त्यांनी आत्मकथेत टॉलस्टॉय फार्मच्या संदर्भात आधीच मांडले होते. अक्षरे गिरविण्यापूर्वी मुलाला चित्रकला शिकवावी, अक्षरेही त्याने फुलापाखरांप्रमाणे प्रथम निरखावीत, असेही त्यांनी त्याच ग्रंथात म्हटले आहे. तथापि पुस्तकांविषयी इतका साशंक असलेल्या या विचारवंताने १९२२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात आई व मूल यांच्या संभाषणाच्या रूपाने स्वतः एक बाळपोथी लिहिली होती. ती त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही. १९५१ मध्ये नवजीवन प्रकाशनाने ती छापली.

वर्धा येथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या शिक्षणपरिषदेने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेन हे उर्दूतील बालकथालेखक होते. त्यांची ‘अब्बू खाँ की बकरी’ ही कथा प्रसिद्ध असून मुलांसाठीचे लेखन त्यांनी आपल्या मुलीच्या नावाने प्रसिद्ध केले. समितीने सुचविलेल्या अभ्यासक्रमात हस्तोद्योगाबरोबर मातृभाषा व चित्रकला यांना स्थान मिळाले. मुलाने आपल्या कामाची दैनंदिन नोंद ठेवावी, गावातील एखाद्या सभेचा वृत्तांत लिहावा, अशी मातृभाषेच्या लेखनाची उद्दिष्टे त्यात आहेत. निबंधाचे ठराविक विषय सोडून मुलाच्या डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट लेखनाचा विषय व्हावी, हा त्यांतील अभिप्राय होय. मूलोद्योग शिक्षणाच्या टीकाकारांनी टकळी आणि सूत यांवरच लक्ष केंद्रित केल्यामुळे अभ्यासक्रमाचे हे अंग दुर्लक्षित राहिले.

संघाची स्थापना १९३८ मध्ये झाली. त्याचे काम पाहणारे ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी हे दांपत्य शांतिनिकेतनातून आले होते. १९४४ मध्ये देवीप्रसाद (१९२१–२०११) हे शांतिनिकेतनातील कलाभवनाचे विद्यार्थी सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून रुजू झाले. कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बसू यांनी रवींद्रनाथ टागोरांच्या सहजपाठ (१९३०) या बंगाली बालपुस्तकासाठी केलेली लिनोछापाची चित्रे भारतीय बालपुस्तकांच्या इतिहासात महत्त्वाची मानली जातात. शब्दांचा अर्थ सजविण्यापेक्षा खेड्यातील रोजचे जीवन मोजक्या काळ्या आकारांत उभे करणे, हे त्यांचे वैशिष्ट्य. नंदलालांनीच फैजपूर (१९३६) व हरिपुरा (१९३८) येथील काँग्रेस अधिवेशनांची सजावट बांबू, गवत व मातीचे रंग अशा स्थानिक साधनांनी केली होती. हा संस्कार देवीप्रसादांबरोबर वर्ध्याच्या कपाशीच्या मुलखात आला.

देवीप्रसादांच्या वर्गात नमुना पाहून नक्कल करण्यास स्थान नव्हते. प्रौढांच्या मापाने मुलाचे चित्र सुधारू नये. मूल जे पाहते आणि त्याला जे जाणवते, ते त्याने आपल्या रीतीने मांडावे, असा त्यांचा आग्रह होता. तेथील साधने स्वस्त व जवळपास मिळणारी असत. चित्रात बैलाहून बंडीवाला मोठा निघाला, तर ती चूक नसून मुलाने महत्त्वाचा मानलेला क्रम आहे, असे या विचारसरणीनुसार म्हणावे लागेल. बालपुस्तकाच्या चित्रकाराला याहून उपयुक्त धडा क्वचितच मिळेल. हर्बर्ट रीड यांचा कलेद्वारे शिक्षण या विषयावरील ग्रंथ १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातील प्रतिपादनाशी सेवाग्रामच्या अनुभवाचे साम्य आहे. मात्र सेवाग्रामचा वर्ग चरखा, शेती व सफाई यांच्या दिनक्रमातच चालत होता. जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेनंतर पूर्व-बुनियादी शिक्षणालाही संघाच्या कार्यात स्थान मिळाले. त्या शाखेत शांता नारूलकर यांचे काम महत्त्वाचे आहे.

या प्रयोगाची मर्यादाही स्पष्ट आहे. मुलांच्या नोंदी व चित्रे यांतून छापील पुस्तके तयार करण्याची यंत्रणा उभी राहिली नाही. छापील पुस्तकाविषयीचा अविश्वास येथे अंगाशी आला, असे म्हणावे लागते. संघाचा प्रकाशनव्यवहार मुख्यतः हिंदी व इंग्रजीत असल्याने आसपासच्या मराठी शाळांना त्याचा लाभ मर्यादितच झाला. संघ १९५९ मध्ये सर्व सेवा संघात विलीन झाला आणि देवीप्रसाद १९६२ मध्ये युद्धविरोधी चळवळीच्या कार्यासाठी लंडनला गेले. त्यांचा अनुभव हिंदी ग्रंथांतून व पुढे राष्ट्रीय पुस्तक न्यासाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथातून उपलब्ध झाला.

दरम्यान बालपुस्तकांची सूत्रे अन्य संस्थांकडे गेली. दिल्लीत १९५७ मध्ये राष्ट्रीय पुस्तक न्यास व चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट, तर १९८१ मध्ये बाललेखक व चित्रकारांची संघटना स्थापन झाली. महाराष्ट्रात बालभारती (१९६७) व तिचे किशोर मासिक (१९७१) यांनी लेखक-चित्रकारांना एकत्र आणले. या प्रवाहात प्रौढ निर्माते व मूल वाचक अशी विभागणी कायम राहिली. सेवाग्राम येथे नयी तालीमची शाळा ‘आनंद निकेतन’ या नावाने २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली.