बांध कुणी घातला?

केरळातल्या कुट्टनाडचे नाव पाठ्यपुस्तकात येते ते समुद्रसपाटीखालच्या भातशेतीसाठी. पंपा, मणिमला, अच्चनकोविल, मीनच्चिल या नद्या तिथे वेंबनाड तलावाला मिळतात. पावसाळ्यात नद्यांचा पूर आणि उन्हाळ्यात समुद्राचे खारे पाणी, दोन्ही बांधाने थोपवून भात पिकवायचे. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या शेतीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. वारसा खरा, वारस कोण?

तलावातला बांध कसा पडत असे ते पाहू. पाण्यात नारळाच्या खोडांच्या दोन रांगा ठोकायच्या, त्यांना बांबूचे तट्टे लावायचे, पोटात वाळू, फांद्या आणि चिखल भरायचा. हा चिखल पुलय मजूर तलावात बुडी मारून तळातून हातांनी काढीत. मग कोंडलेले पाणी पायांनी चाक तुडवून बाहेर फेकायचे. त्रावणकोरात १८५५ साली गुलामगिरी कायद्याने संपली होती. बांधावर ती फारशी पोचली नाही. १९४०च्या दशकात जोसेफ मुरिक्कन या जमीनदाराने चित्तिरा, मार्तांडम, राणी ही शेते तलावातून काढली. नावे राजघराण्याची, कीर्ती जमीनदाराची. बुडी मारणाऱ्याच्या नावाचे शेत नाही.

बांध टिकावा म्हणून त्यात पुलय माणूस जिवंत गाडीत, अशा कथा तिथल्या दलितांच्या तोंडी आहेत. कागद दाखवा, असे इतिहासकार म्हणेल. पण कागद कुणाच्या घरी होता? माझ्या घरात पहिली वही आली ती माझी. आपल्याकडेही किल्ल्यांच्या बुरुजांखाली महार-मांगांना पुरल्याच्या कथा आहेतच. दोन प्रांत, दोन भाषा, आणि एकमेकांना कधी न भेटलेली माणसे एकच आठवण सांगतात, तेव्हा तिला नुसती दंतकथा म्हणून बाजूला सारणे मला जमत नाही.

१ जानेवारी १९७० पासून केरळात जमीन सुधारणा अमलात आल्या. कुळांना शेत मिळाले. झोपडीत राहणाऱ्या मजुराला खेड्यात घरापुरती जागा, जास्तीत जास्त दहा सेंट. आपल्या हिशेबाने चार गुंठे! काही तलावशेतांतली जादा जमीन पुढे मजुरांना तुकड्यातुकड्यांनी वाटली गेली, हेही नोंदवले पाहिजे. तरी अनेकांची घरे बांधावरच राहिली. ऑगस्ट २०१८च्या महापुरात कैनकरीकडचे बांध फुटले, तेव्हा पाणी शेतात शिरले ते त्यांच्या अंगणातून.