पेरुंगुडीचा उकिरडा आणि ग्रंथींचा कारभार

चेन्नई शहराच्या दक्षिणेस असलेल्या पेरुंगुडीची आजची ओळख जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरील संगणक कंपन्यांच्या उंच इमारतींमुळे झालेली असली, तरी या गावाचा गेल्या चार दशकांचा इतिहास त्याच्या पश्चिमेकडील पाणथळ जमीन वगळून लिहिता येत नाही. ही पळ्ळिकरणैची दलदल होय. दक्षिण चेन्नईतील अनेक तलावांचे पावसाळी पाणी येथे उतरते, ओक्कियम मडुवु या प्रवाहाने बकिंगहॅम कालव्यात जाते आणि पुढे कोवळमच्या खाडीतून समुद्राला मिळते. विसाव्या शतकाच्या मध्यास सुमारे पन्नास चौरस किलोमीटर पसरलेल्या या दलदलीला महसुलाच्या दृष्टीने काही मोल नव्हते, आणि ज्या जमिनीला मोल नाही तेथे शहराने आपल्याला नकोसे ते नेऊन टाकावे, हा भारतातील नगरविकासाचा जणू अलिखित नियमच आहे. त्यानुसार दलदलीचा मोठा भाग बांधकामाखाली गेला, आणि १९८० च्या दशकापासून पेरुंगुडीच्या हद्दीलगत शहराच्या दक्षिण भागातील कचरा उघड्यावर टाकला जाऊ लागला. पेरुंगुडी हे गाव चेन्नई महापालिकेत २०११ साली आले. महापालिकेचा कचरा मात्र त्याच्या कितीतरी आधी तेथे पोहोचला होता.

या कचराभूमीचा इतिहास आजवर नगररचनेच्या, पूरनियंत्रणाच्या आणि पक्षिजीवनाच्या अंगाने सांगितला गेला आहे. त्याचे आणखी एक अंग आहे आणि ते मानवी शरीरातील अंतःस्रावी ग्रंथींशी, म्हणजे आपला स्राव नलिकेतून बाहेर न टाकता थेट रक्तात सोडणाऱ्या ग्रंथींशी, निगडित आहे. ते समजण्यासाठी या ग्रंथींचा कारभार कसा चालतो आणि तो माणसाला कसा उमगत गेला, हे प्रथम पाहावे लागते.

जर्मनीतील गटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड याने १८४९ साली कोंबड्यांवर केलेला प्रयोग या शास्त्राचा आरंभ मानला जातो. नर पिल्लांचे वृषण काढून टाकले की त्यांचा तुरा वाढत नाही, आरव आणि झुंजारपणाही दिसत नाही; पण तेच वृषण पोटात दुसऱ्या जागी रुजवले, तर मज्जातंतूंचे मूळ संबंध तुटलेले असूनही पिल्लू रीतसर कोंबडा होते, असे त्याला आढळले. वृषणातून रक्तात काहीतरी मिसळते आणि दूरच्या अवयवांवर परिणाम करते, एवढाच याचा अर्थ होऊ शकत होता. पुढे लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०२ साली लहान आतड्यातून रक्तात उतरून स्वादुपिंडाला पाचकरस सोडण्यास लावणारा ‘सिक्रेटिन’ हा पदार्थ दाखवून दिला, आणि अशा सर्व रासायनिक निरोप्यांना स्टार्लिंगने १९०५ साली हॉर्मोन हे नाव दिले. मराठीत त्यांना संप्रेरके म्हणतात.

संप्रेरकांच्या कारभाराची दोन वैशिष्ट्ये पेरुंगुडीच्या संदर्भात महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे त्यांचे अत्यल्प प्रमाण. गळ्यातील थायरॉइड किंवा अवटू ग्रंथी थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते. त्यातील प्रत्यक्ष कामी येणारा मोकळा अंश शंभर मिलिलिटर रक्तात एका नॅनोग्रॅमच्या, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या आसपास असतो, आणि तेवढ्यावर शरीरातील चयापचयाचा वेग, हृदयाची गती आणि गर्भाच्या मेंदूची घडण अवलंबून असते. पेशीमध्ये विशिष्ट संप्रेरकालाच धरणारे प्रथिन असते, त्याला ग्राही म्हणतात. ग्राही इतका संवेदनशील असतो की थोडेसे रेणूही त्याला पुरतात. दुसरे वैशिष्ट्य प्रतिसंभरणाचे, म्हणजे परिणामाने कारणाला आवर घालण्याचे. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी टी.एस.एच. या संप्रेरकाद्वारे थायरॉइडला कामाला लावते, आणि रक्तात थायरॉक्सिन पुरेसे झाले की तेच पोष ग्रंथीला आपला हात आखडता घ्यायला लावते. थायरॉक्सिन कमी पडले तर टी.एस.एच. वाढते, म्हणूनच नवजात बालकाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात टी.एस.एच. मोजून थायरॉइडचा ताण ओळखता येतो.

ही व्यवस्था कोट्यवधी वर्षांत घडली ती शरीराने स्वतः तयार केलेल्या रेणूंसाठी. बाहेरचा एखादा रेणू ग्राहीला फसवू शकेल, ही शक्यता १९३८ साली प्रत्यक्षात आली. लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल हा कृत्रिम पदार्थ तयार केला, जो रचनेने स्त्रीसंप्रेरकाहून अगदी वेगळा असूनही त्याचेच काम करीत होता. गर्भपात टळावा म्हणून तो अनेक वर्षे गरोदर स्त्रियांना दिला गेला, आणि त्यांच्या मुलींना तरुण वयात योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग होतो, हे अमेरिकेत १९७१ साली उघड झाले. इजा आईला न होता तिच्या गर्भातील मुलीला झाली आणि ती दिसायला दोन दशके लागली, ही गोष्ट या साऱ्या विषयाचा कणा आहे.

डी.डी.टी. या कीटकनाशकाची कथा त्याला समांतर चालते. अमेरिकेतील बर्लिंग्टन आणि लिंडमन या संशोधकांनी १९५० साली कोंबड्याच्या नर पिल्लांना डी.डी.टी. टोचले, तेव्हा त्यांचे वृषण आणि तुरे खुरटलेले राहिले. बेर्टहोल्डने शस्त्राने जे घडवले होते, ते एका कीटकनाशकाने शस्त्राविना घडवले, आणि तरीही त्या निष्कर्षाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही, हे विज्ञानाच्या इतिहासातील खेदजनक दुर्लक्ष म्हणावे लागेल. त्यानंतर चारच वर्षांनी, १९५४ साली, भारत सरकारने हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही कंपनी डी.डी.टी. बनवण्यासाठी स्थापन केली. तिचा एक कारखाना पुढे रायगड जिल्ह्यातील रसायनी येथेही उभा राहिला. हिवतापाविरुद्धच्या लढ्यात या औषधाने असंख्य जीव वाचवले, हे विसरून चालणार नाही. पण त्याचा ग्रंथींवरील परिणाम हा स्वतंत्र विषय म्हणून मांडला जायला १९९१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी थिओ कोलबर्न यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील विंगस्प्रेड येथे भरलेल्या परिषदेत अशा पदार्थांना अंतःस्रावी व्यवस्थेत विघ्न आणणारी रसायने असे संबोधले गेले.

पेरुंगुडीत या रसायनांपैकी सर्वांत घातक गट, डायॉक्सिन, कोणी आणून टाकला नव्हता. तो तेथेच तयार होत होता. ओला कचरा हवेविना कुजला की मिथेन वायू सुटतो आणि आपोआप पेट घेऊ शकतो. शिवाय तांबे मिळवण्यासाठी विजेच्या तारा जाळल्या जातात. त्यांच्या वेष्टनात क्लोरीन असते, आणि क्लोरीनयुक्त प्लास्टिक दोनशे ते साडेचारशे अंश सेल्सिअस या मंद उष्णतेत तांब्याच्या सान्निध्यात धुमसू लागले की डायॉक्सिन बनण्यास अनुकूल परिस्थिती तयार होते. बंद भट्टीत ८५० अंशांच्या वर नीट जाळलेला कचरा जे करीत नाही, ते उघड्यावर धुमसणारा ढीग करतो. हे रेणू पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत साठतात, आणि तिथून ते सहसा बाहेर पडत नाहीत: थायरॉक्सिनचे रक्तातील प्रमाण सुमारे एका आठवड्यात निम्मे होते, तर सर्वांत विषारी डायॉक्सिनचे माणसाच्या शरीरातील प्रमाण निम्मे व्हायला सात ते अकरा वर्षे लागतात. ज्या व्यवस्थेचे सारे नियंत्रण निरोप वेळेवर विरून जाण्यावर उभे आहे, तिच्यात न विरणारा रेणू शिरतो, आणि धोका आहे तो येथे. डायॉक्सिन पेशीतील एका वेगळ्या ग्राहीला चिकटतो आणि यकृतातील विकरांना चेतवतो. ती विकरे थायरॉक्सिनचे विघटन वाढवतात. डायॉक्सिनची भावंडे म्हणता येतील अशी पी.सी.बी. रसायने यकृतात बदलून रक्तातील थायरॉक्सिन वाहून नेणाऱ्या प्रथिनावरच जागा बळकावतात.

ही रसायने पेरुंगुडीत प्रत्यक्ष मोजली गेली ती जपान आणि तमिळनाडू यांच्या जुन्या संबंधांमुळे. जपानमध्ये १९६८ साली भाताच्या कोंड्याच्या तेलात पी.सी.बी. मिसळून हजारो लोक आजारी पडले होते, आणि त्यानंतर तेथे या रसायनांच्या मोजमापाची भक्कम परंपरा उभी राहिली. मात्सुयामा येथील एहिमे विद्यापीठात शिन्सुके तानाबे यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या संशोधनात अण्णामलै विद्यापीठाच्या परंगिपेट्टै येथील सागरी जीवशास्त्र केंद्राचा सहभाग होता. या संशोधकांनी १९९९-२००० च्या सुमारास भारत, कंबोडिया, व्हिएतनाम आणि फिलिपिन्स या देशांतील उघड्या कचराभूमींलगत राहणाऱ्या मातांच्या दुधाचे नमुने घेतले, भारतातील कचराभूमी म्हणून निवडली होती ती पेरुंगुडी.

निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. पेरुंगुडीच्या मातांच्या दुधातील डायॉक्सिन आणि तत्सम रसायनांची विषाक्तता दूरच्या तुलनेच्या वस्तीतील मातांपेक्षा आणि इतर तीन देशांतील मातांपेक्षा ठळकपणे जास्त होती, आणि ती औद्योगिक देशांतील सामान्य लोकसंख्येच्या बरोबरीची किंवा तिच्याहून अधिक होती. तिचा संभाव्य मार्गही सापडला. कचऱ्यावर चरणाऱ्या गुरांच्या दुधाच्या काही नमुन्यांत युरोपीय महासंघाने आखलेली कमाल मर्यादा ओलांडलेली होती, म्हणजे ढिगाऱ्यातील विष गाईच्या दुधातील चरबीतून घरात येत असावे. गरीब घरात गरोदर आणि बाळंत बाईला आवर्जून दूध दिले जाते. तीच काळजी येथे विषाची वाहक ठरली असावी.

या अहवालातील एक तपशील ग्रंथींच्या दृष्टीने फार बोलका आहे. पेरुंगुडीत मातेची जितकी अधिक बाळंतपणे झालेली, तितके तिच्या दुधातील हे प्रमाण कमी आढळले. अन्य ठिकाणी असा संबंध दिसला नाही. याचे कारण स्तनपानाच्या संप्रेरकांत आहे. प्रसूतीनंतर पोष ग्रंथीतून प्रोलॅक्टिन स्रवते आणि दूध तयार होते. बाळ चोखू लागले की ऑक्सिटोसिन सुटते आणि दूध बाहेर येते. दुधातील स्निग्धांशाचा काही भाग मातेच्या शरीरात साठलेल्या चरबीतून येतो. त्या चरबीत वर्षानुवर्षे साठलेली रसायने अशा रीतीने प्रथम पहिल्या बाळाकडे सर्वाधिक प्रमाणात जातात, आणि पुढच्या भावंडांच्या वाट्याला उरलेले येते. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे: यावरून मातेचे दूध टाळावे असा निष्कर्ष कोणत्याही जबाबदार शास्त्रज्ञाने काढलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ स्तनपानच सांगते, कारण त्याचे लाभ मोठे आहेत. दोष दुधाचा नाही, शहराने पेटत ठेवलेल्या ढिगाऱ्याचा आहे.

अशा भाराचा पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, याचे उत्तर इटलीतून मिळते. मिलानजवळील सेवेसो येथे १० जुलै १९७६ रोजी एका रासायनिक कारखान्यातील अपघातात डायॉक्सिनचा ढग वस्तीवर पसरला. तेथील मातांना १९९४ ते २००५ या काळात झालेल्या बालकांचे टी.एस.एच. तपासले असता, ते ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या बालकांचे प्रमाण अबाधित भागात २.८ टक्के, तर सर्वांत दूषित भागात १६.१ टक्के निघाले. अपघात आणि जन्म यांत सतरा वर्षांहून अधिक अंतर होते, तरी आईच्या चरबीतील रेणूंनी बाळाच्या थायरॉइडपर्यंत आपला मार्ग काढला होता. सेवेसोचा ढग एका दिवसाचा होता. पेरुंगुडीचा धूर वर्षानुवर्षे येत राहिला.

मुंबईच्या वाचकाला यात देवनार दिसणे साहजिक आहे. १९२७ पासून वापरात असलेल्या त्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही उमटला होता, आणि गोवंडीच्या वस्त्यांनी तो अनेक दिवस श्वासात घेतला.

कायद्याची बाजू कमी पडली असे म्हणता येत नाही. कचरा जाळण्यास मनाई करणारे केंद्राचे घनकचरा नियम २००० साली, म्हणजे पेरुंगुडीतील दुधाचे नमुने गोळा होत होते त्याच सुमारास आले. डायॉक्सिन, पी.सी.बी. आणि डी.डी.टी. यांना आवर घालणारा स्टॉकहोम करार २००१ साली झाला आणि भारताने २००६ साली त्याला मान्यता दिली. दलदलीपैकी ३१७ हेक्टर क्षेत्र २००७ साली राखीव वन झाले, आणि एप्रिल २०२२ मध्ये पळ्ळिकरणैला रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. त्याच एप्रिलच्या अखेरीस पेरुंगुडीच्या ढिगाऱ्याला पुन्हा मोठी आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. सुमारे सव्वादोनशे एकरांवर साठलेला तीस लाख घनमीटरांहून अधिक जुना कचरा उकरून, चाळून वेगळा करण्याचे काम महापालिकेने हाती घेतले आहे, आणि ते स्वागतार्ह आहे. मात्र जमीन मोकळी झाली म्हणजे माणसांच्या शरीरातील साठा मोकळा होत नाही. २००० च्या आसपास त्या वस्तीत जन्मलेली पहिली अपत्ये आज पंचविशीत आहेत आणि त्यांच्यातील अनेक मुली आता माता होत आहेत. त्यांच्या आणि त्यांच्या बालकांच्या थायरॉइडची, सेवेसोत झाली तशी, सरकारी खर्चाने दीर्घकाळ तपासणी होणे हे शहराच्या कचऱ्याच्या हिशेबातील पहिले देणे आहे आणि ते चेन्नईने, तसेच मुंबईनेही, चुकते केले पाहिजे.