डेल्टा हेल्थ सेंटर

डेल्टा हेल्थ सेंटर : अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात माउंड बायू येथे असलेले आरोग्यकेंद्र, त्या देशातील ग्रामीण भागातले पहिले सामुदायिक आरोग्यकेंद्र. स्थापना 1967. संस्थापक डॉ. जॅक गायगर व डॉ. काउंट गिब्सन. पैसा अमेरिकेचा असला, तरी कल्पना दक्षिण आफ्रिकेतली होती.

नाताल प्रांतातील फोलेला या झुलू वस्तीत सिडनी व एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने 1940 पासून औषधोपचाराला परसबाग, स्वच्छता आणि घरोघरच्या पाहणीची जोड दिली होती. वैद्यकाचे विद्यार्थी असताना गायगर 1957 मध्ये तेथे काही महिने शिकले. 1964 मध्ये नागरी हक्क चळवळीच्या कामासाठी ते मिसिसिपीत आले आणि कृष्णवर्णीय शेतमजुरांची दैना पाहून त्यांना फोलेला आठवले. वर्णद्वेषी राजवटीमुळे कार्क दांपत्याने तोवर दक्षिण आफ्रिका सोडली होती.

तशा केंद्रासाठी जॉन्सन सरकारच्या दारिद्र्यविरोधी मोहिमेतील अनुदान आडवाटेने आले. राज्याच्या गव्हर्नरला असे अनुदान अडवता येई, पण विद्यापीठाला दिलेल्या रकमेला त्याचा हात लागत नसे. म्हणून ते बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठाच्या नावे घेतले गेले.

माउंड बायू हे 1887 मध्ये पूर्वाश्रमीच्या गुलामांनी वसवलेले गाव. कापूसवेचणीची यंत्रे आल्याने भोवतालच्या मजुरांचे काम गेले होते. दवाखान्यात येणाऱ्या मुलांचे मूळ दुखणे बहुधा भूक असे. मग डॉक्टर चिठ्ठीवर दूध, भाज्या, मांस लिहू लागले. दुकानदाराने माल द्यायचा आणि बिल केंद्राच्या औषधखात्याला लावायचे. वरून हरकत आली, तेव्हा कुपोषणावर पाठ्यपुस्तकात अन्न हाच उपचार सांगितला आहे, असे गायगर यांनी सुनावले. वैद्यकाच्या इतिहासात इतका बिनतोड खुलासा क्वचितच सापडेल. केंद्रातील जॉन हॅच यांच्या पुढाकाराने गरीब कुटुंबांची सहकारी शेतीही उभी राहिली. केंद्राने विहिरी खोदल्या, संडास बांधले.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये सुरू केलेला जामखेडचा प्रकल्प याच जातकुळीतला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून आलेल्या या दांपत्याने आरोग्याचे काम गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांच्या हाती सोपवले.

मिसिसिपीने पुढेही बाहेरून शिकणे सोडले नाही. डॉ. एरन शर्ली आणि त्यांचे सहकारी 2009 मध्ये इराणची ग्रामीण 'आरोग्यघरे' पाहून आले. गावातल्याच माणसांना शिकवून घरटी नोंद ठेवायची, ही तिथली पद्धत आपल्या राज्यात रुजवण्याचा प्रयत्न त्यांनी केला. त्या वेळी अमेरिका व इराण यांच्यात राजनैतिक संबंधही नव्हते.